पेटीवरचा देश

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत बेअरिंग घ्यायला गेलं, की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "जपानी देऊ, इंडियन देऊ की चायना?" यंत्र कोणतं, किती आरपीएमने फिरतं, भार किती, आसपास धूळ आहे की पाणी, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. देशाचं नाव ठरलं की दर ठरतो, आणि दर ठरला की गुणवत्ताही ठरली असं दोघंही धरून चालतात.

मी जवळजवळ तीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. मायक्रोमीटर, माप बसतं की नाही एवढंच सांगणारं गो-नो-गो गेज आणि पोलादाचा कठीणपणा मोजणारा हार्डनेस टेस्टर हीच माझी रोजची सोबत. या टेबलावर जर्मन माल नापास होताना पाहिला आणि चिनी माल बिनतक्रार पास होताना पाहिला. उलटही पाहिलं, आणि उलट जास्त वेळा पाहिलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही एवढ्या वर्षांनंतर माझं मत असं झालं आहे की सुटा भाग कुठे बनला यापेक्षा तो कोणासाठी बनला, आणि नापसंत पडला तर तो परत पाठवायची ताकद त्या गिऱ्हाइकात होती का, यावर त्याची गुणवत्ता ठरते. हे मान्य केलं तर "स्वदेशी घ्या" आणि "चायना माल नको" या दोन्ही घोषणांपलीकडे जाऊन सरकारकडे आणि स्वतःकडे वेगळ्या गोष्टी मागाव्या लागतात.

मालावर देशाचं नाव छापायची सक्ती आली कुठून, हे आधी बघू. १८८७ साली ब्रिटनने मर्चंडाइझ मार्क्स ॲक्ट केला. शेफील्डच्या सुरी-कात्री बनवणाऱ्यांची तक्रार होती की जर्मनीतल्या झोलिंगेनचा स्वस्त माल इंग्रजी वाटणाऱ्या नावांनी आणि शिक्क्यांनी विकला जातो. म्हणून कायद्याने सांगितलं, की परदेशी मालावर असा फसवा शिक्का असेल तर तो कुठे बनला हेही त्यावर लिहिलं पाहिजे. "मेड इन जर्मनी" हे शब्द त्या काळी गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होते. आज तेच शब्द वाचून आपण दुप्पट पैसे मोजतो.

त्यात शेफील्डवाल्यांचा कांगावा होता असं मात्र नाही. माल खरोखर वाईट होता, आणि ते सगळ्यात स्पष्टपणे एका जर्मन माणसानेच सांगितलं होतं. फ्रान्झ रॉयलो हे बर्लिनचे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक. यंत्रातल्या गतीचं शास्त्र ज्यांनी पद्धतशीर मांडलं त्यांच्यात त्यांचं नाव फार वर आहे. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनाला ते जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि तिथून त्यांनी मायदेशी लिहिलं, की आपला माल "स्वस्त आणि वाईट" आहे. देशात केवढा गदारोळ झाला! पण त्यांचा मुद्दा नेमका होता. जर्मन कारखानदार फक्त दरावर स्पर्धा करत होते, आणि दरावर स्पर्धा करणाऱ्याचा हात आधी मालमसाल्याला कात्री लावतो. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जर्मनीने ते चित्र पालटलं. माणसं तीच आणि गावंही तीच होती. तांत्रिक शाळा, प्रयोगशाळा, मोजमापाची शिस्त आणि गिऱ्हाइकाची अपेक्षा बदलली.

जपानची गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगितली गेली आहे की मी ती तीन वाक्यांत आटोपतो. युद्धानंतर जपानी माल म्हणजे तकलादू माल अशीच ओळख होती. १९५० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने अमेरिकेच्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांना बोलावलं आणि १९५१ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. १९९८ मध्ये तोच पुरस्कार चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने मिळवला आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने.

मला जास्त बोलकी वाटते ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटची गोष्ट. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, संप, भांडणं आणि गाडीत राहून गेलेले दोष यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, युनियनही तीच राहिली. फरक एवढा पडला, की दोष दिसल्यावर कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची, असं त्याला शिकवलं आणि थांबवल्याबद्दल कोणी ओरडलं नाही. एक-दोन वर्षांत त्या कारखान्याची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीला गेली. देश बदलला नाही, गाव बदललं नाही, मजूरही फारसे बदलले नाहीत. ज्यांना वाटतं की "आपल्या माणसांना शिस्तच नाही, म्हणून आपला माल असा", त्यांनी या फ्रीमॉंटचा विचार जरूर करावा. आमच्या लाइनवर कितीतरी वेळा ऑपरेटरला दोष दिसलेला असायचा आणि तो गप्प बसायचा, कारण महिन्याचा शेवट जवळ आला होता आणि डिस्पॅच निघायचा होता.

त्याच सुमाराची दुसरी हकीकत फोर्डची. एकच ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, एकाच ड्रॉइंगवरून, अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात आणि जपानमध्ये माझदाकडे बनत होतं. जपानमधून आलेल्या ट्रान्समिशनच्या तक्रारी कमी येत. फोर्डच्या लोकांनी दोन्ही खोलून मोजली. अमेरिकन भागही टॉलरन्सच्या, म्हणजे मापात कमी-जास्त व्हायला दिलेल्या मुभेच्या, आतच होते, म्हणजे इन्स्पेक्टरने ते नापास करावेत असे नव्हते. पण त्यांची मापं टॉलरन्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली, तर माझदाची मधोमध एकवटलेली. ड्रॉइंगवर पन्नास मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा आहे म्हणून पन्नासच्या पन्नास वापरायचे, की प्रत्येक जॉब मधल्या मापावर आणायचा, हा तो फरक. पेटीवरचा देश हा फरक सांगू शकत नाही. इन्स्पेक्शनचा "पास" शिक्काही सांगू शकत नाही. तो सांगतो प्रोसेसचा तक्ता, म्हणजे बनत असताना मापं नोंदवत जाणारा कागद, आणि तो तक्ता मागणारं गिऱ्हाईक असेल तरच कारखाना तो ठेवतो.

आता नटबोल्टकडे येतो, कारण देशाच्या नावाचा फोलपणा बोल्टइतका कुठेच उघडा पडत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं. पहिला आकडा सांगतो की तो साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटेल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत ताणला तरी तो कायमचा लांबणार नाही. हा आकडा म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला शब्द आहे, आणि तो कोणत्याही देशात खोटा दिला जाऊ शकतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत असाच घोळ झाला. सर्वांत मजबूत ग्रेडची खूण डोक्यावर असलेले बोल्ट प्रत्यक्षात स्वस्तातल्या बोरॉन पोलादाचे निघाले. ते गार असताना टिकत, तापले की त्यांची ताकद उतरे. परदेशी मालाविरुद्ध ओरड झालीच. पण १९९० मध्ये जो कायदा झाला, त्याचा गाभा बघण्यासारखा आहे. ग्रेडची खूण असलेल्या बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची नोंदवलेली खूण हवी आणि लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा, माग लागला पाहिजे, असं त्याने सांगितलं. चुकलं तर कोणाच्या दारात जायचं, याचं उत्तर बोल्टच्या डोक्यावरच कोरलेलं असावं, हा त्यामागचा विचार. मला तो अजूनही आपल्याकडच्या कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो.

तरीही त्याच अमेरिकेत २०१३ मध्ये काय झालं? सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजचा पूर्वेकडचा नवा भाग पूर्ण होत आला होता. पुलाचे पोलादी डेक शांघायमध्ये बनले होते, आणि तिथल्या वेल्डिंगवर वर्तमानपत्रांतून कितीतरी टीका झाली होती. सगळ्यांची नजर चिनी वेल्डवर. मार्चमध्ये तीन इंच जाडीचे ९६ रॉड ताणले आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. ते रॉड अमेरिकेत, ओहायो राज्यात बनलेले होते. रॉड बसवल्यावर काही वर्षं ज्या भोकांत उभे होते तिथे पाणी साचलं होतं, आणि इतक्या कठीण पोलादात हायड्रोजन शिरला की ते ताणाखाली ठिसूळ होऊन तुटतं. झिंक प्लेटिंग केलेले १२.९ ग्रेडचे बोल्ट वेळेत भट्टीत भाजले नाहीत तर हेच होतं, हे आपल्या भोसरीतला प्लेटिंगवालाही सांगेल. इतका मजबूत रॉड, जस्ताचं लेपन आणि ओलीची जागा, हा मेळ धोक्याचा आहे हे मागणी लिहिताना ओळखायला हवं होतं. म्हणजे चूक जितकी बनवणाऱ्याची, तितकीच किंवा त्याहून जास्त मागणाऱ्याची. शेवटी त्या रॉडचं काम करायला वेगळी पोलादी बैठक बांधावी लागली.

आणि जपान? २०१७ मध्ये कोबे स्टीलने स्वतः कबूल केलं, की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलून तो शेकडो कंपन्यांना पाठवला गेला. जपानी माल म्हटला की तो दुसऱ्यांदा मोजायचं सहसा कोणाच्या मनात येत नाही. देशाच्या नावावरचा विश्वास हा अशा वेळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरची पट्टी होतो.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जो खरा आक्षेप आहे तो टाळायचा नाही. जागेला महत्त्व असतं. बेअरिंगचं पोलाद आपल्या बाजारात ईएन-३१ म्हणून मिळतं. दोन पोलाद कारखान्यांच्या ईएन-३१ चं रासायनिक पृथक्करण जवळजवळ सारखं येईल. पण एकात पोलाद निर्वातात शुद्ध केलेलं असतं आणि दुसऱ्यात ऑक्साइडचे बारीक कण राहिलेले असतात. तो एक कण बेअरिंगमधल्या गोळीच्या वाटेखाली आला की तिथून भेग सुरू होते आणि बेअरिंग वेळेआधी जातं. असं स्वच्छ पोलाद, त्याला साजेशी हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंगचं चाक घासणारा जाणता हात आणि मायक्रॉनचे अंश मोजणारी उपकरणं हे सगळं एका रात्रीत कुठल्याही गावात उभं राहत नाही. झोलिंगेनमध्ये ते शतकानुशतकं साठलं. तैवानच्या ताइचुंगमध्ये सायकली आणि मशीन टूल्सच्या निमित्ताने साठलं. आपल्याकडे कोल्हापूरला ऑइल इंजिनांच्या निमित्ताने ओतकामाचं ज्ञान साठलं आणि आज शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या परदेशी ट्रॅक्टरांचे भाग ओततात.

पण ही गावं आहेत, देश नव्हेत. ताइचुंगची पुण्याई सगळ्या तैवानला लागू होत नाही आणि कोल्हापूरची सगळ्या भारताला. चीनएवढ्या देशाला एक शब्द लावणं तर निरर्थकच आहे. तिथला एकच कारखानदार तीन दराचा माल दाखवतो आणि विचारतो, कोणता हवा? आपला व्यापारी बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त उचलतो, इथे आणतो, आणि मग आपण म्हणतो की चायना माल वाईट. तो माल आपणच निवडला, हे मात्र आपल्या हिशेबात येत नाही. ज्या स्वीडिश नावाच्या बेअरिंगवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, ते चिंचवडमध्येही बनतं. मग ते काउंटरवर कोणत्या रकान्यात धरायचं? "इंपोर्टेड"च्या, की "इंडियन"च्या?

देशाच्या नावावरच्या या भक्तीचा फायदा घेणारा एक धंदाही आहे. जपानी नावाला भाव आहे म्हणून जपानी नावाच्या पेट्या छापल्या जातात. गिऱ्हाईक पेटी बघून समाधानी होत असेल, तर नकली माल बनवणाऱ्याला फक्त पेटीच चांगली बनवावी लागते. लेसरने कोरलेली अक्षरं, होलोग्राम, पिवळा कागद, सगळं हुबेहूब. आतलं पोलाद कोण बघतो?

आता मला जी गोष्ट सर्वांत जास्त टोचते ती सांगतो. १९९० च्या दशकात सुंदरम फास्टनर्सने जनरल मोटर्सच्या इंग्लंडमधल्या कारखान्याची यंत्रं मद्रासला आणून रेडिएटर कॅप बनवायला घेतल्या आणि त्या कंपनीचा उत्तम पुरवठादाराचा मान वर्षानुवर्षं मिळवला. पुण्याच्या मुंढव्यातली भारत फोर्ज जगभरच्या ट्रकांचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे ॲक्सल बनवते. २००४ मध्ये तिने जर्मनीतला एक नामांकित फोर्जिंग कारखाना विकत घेतला. म्हणजे जमतं. इथेच, आपल्याच माणसांना, आपल्याच विजेवर जमतं. आणि तरीही गावातल्या दुकानात मिळणारा बोल्ट पान्याचा जोर दिला की मान मुरगाळतो.

का, ते मला टेबलावरून रोज दिसायचं. एका कारखान्यात आमच्याकडे दोन प्रकारचे ट्रे असायचे. निळ्या ट्रेमध्ये एक्सपोर्टचा माल, लाल ट्रेमध्ये एक्सपोर्टसाठी नापास झालेला. लाल ट्रे स्क्रॅपला जायला हवा. पण महिनाअखेरीला कोणीतरी यायचं आणि म्हणायचं, "साहेब, यातला वापरण्याजोगा वेगळा काढा, लोकलला चालतो." लोकलला म्हणजे कोणाला? आपल्याच नात्यागोत्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला, टेम्पोवाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला. परदेशी गिऱ्हाईक एक नग खराब निघाला तर सगळा लॉट परत पाठवायचं, विमानाचं भाडं आपल्या माथी मारायचं. टेम्पोवाला काही परत पाठवत नव्हता; तो गॅरेजवर तीन दिवस उभा राहायचा आणि नशिबाला दोष द्यायचा. मीही तो माल वेगळा काढून दिला आहे, नाही म्हणायला हवं होतं तेव्हा. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की भारतीय माल वाईट, तेव्हा मला राग येतो, आणि कोणी म्हणतं की भारतीय म्हणून घ्या, तेव्हाही येतो. भारतीय माल दोन प्रकारचा आहे : परत पाठवू शकणाऱ्यांसाठी बनलेला आणि परत पाठवू न शकणाऱ्यांसाठी बनलेला. चीनमध्येही हीच दोन दालनं आहेत. जर्मनीत दुसरं दालन लहान आहे, कारण तिथल्या साध्या गिऱ्हाइकाच्या हातातही कायदा आणि प्रयोगशाळा आहे.

सरकारने २०२० मध्ये जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेत्यांना मालाचा मूळ देश लिहिणं बंधनकारक केलं. लिहावा, त्याला माझी हरकत नाही. व्यापाराच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती माहिती हवीच. पण त्याच खरेदीत सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळत असेल, तर मूळ देशाच्या रकान्यात "भारत" लिहूनही रॉयलोंनी सांगितलेला रोगच आपण पोसतो. एसटीच्या डेपोला, पाणीपुरवठा योजनेला, सरकारी रुग्णालयाच्या जनरेटरला लागणारा सुटा भाग घेताना तपासणीचा खर्च निविदेतच धरला पाहिजे. आलेल्या लॉटमधले पाच नग कापून, कठीणपणा मोजून बघायचे. दोन वेळा नापास झाला तर पुरवठादाराचं नाव आणि लॉट जाहीर करायचा, मग तो परदेशी असो वा चाकणचा.

बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, सक्तीच्या प्रमाणीकरणाबद्दल लहान कारखानदार कुरकुरतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नाही. दहा कामगारांच्या वर्कशॉपला चाचण्यांचा खर्च जड जातो. त्यावर उपाय सक्ती उठवण्याचा नसून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत परवडणाऱ्या दरात हार्डनेस, ताण आणि पोलादाची आतली बारीक रचना तपासून देणारी सामायिक प्रयोगशाळा उभी करण्याचा आहे. आणि तिचं दार कारखानदाराइतकंच गिऱ्हाइकालाही उघडं हवं. वाळव्यातल्या शेतकऱ्याला तुटलेला बोल्ट घेऊन तिथे जाता आलं पाहिजे.

वाळव्याचं नाव घेतलं कारण माझा मामेभाऊ तिथे ऊस करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग दीड महिन्यात दोनदा गेलं. "चायना दिलं बघ दुकानदारानं," तो फोनवर म्हणाला. "पेटीवर जपान लिहिलंय, पण आत चायनाच असणार." मी गेलो तेव्हा बेअरिंग हातात घेतलं. ६३०७, पस्तीस मिलिमीटर शाफ्टचं. मोटरबरोबर कंपनीतून आलेलं जुनं बेअरिंग वायरमनने जपून ठेवलं होतं; त्यावर नंबरापुढे सी-३ कोरलेलं होतं. म्हणजे आत जरा जास्त फट असलेलं, कारण मोटर तापते, आतली कडी फुगते आणि त्या फुगण्याला जागा लागते. नव्या दोन्हींवर नुसतंच ६३०७. शिवाय बसवताना बाहेरच्या कडीवर हातोडा मारल्याच्या खुणा होत्या, म्हणजे सगळा मार गोळ्यांमधून गेलेला. बेअरिंग जपानचं होतं की चीनचं, मला ठरवता आलं नाही, आणि गरजही पडली नाही. जगातल्या कुठल्याही देशाचं ते बेअरिंग त्या मोटरमध्ये टिकलं नसतं.

आम्ही दुकानात गेलो. वायरमन म्हणाला, मी सी-३ च मागितलं होतं. दुकानदार म्हणाला, नुसतं ६३०७ मागितलं होतं. मामेभावाने खिशातून बिल काढलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, "बेअरिंग, १ नग." बनवणाऱ्याचं नाव नाही, पूर्ण नंबर नाही, लॉट नाही. दुकानदाराने तो कागद उलटून पाहिला, परत दिला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "जपानी देऊ की चायना?"